चित्रातली झोळी

ज्या पोरीचा एकही फोटो नाही, ती पोर होऊन गेली हे तुम्ही कशावरून मानाल?

लगेच उत्तर देऊ नका. ‘आईच्या शब्दावरून’ असं तुम्ही म्हणाल आणि म्हणताना तुम्हाला स्वतःचंच कौतुक वाटेल. माझ्यादेखत एका आईनं तसं सांगितलं. ऐकणारे शिकलेले होते, स्वभावानं चांगले होते, चित्रांची आवड असलेले होते. त्यांनी माना डोलावल्या. एकानं टाळी वाजवली. मानलं कुणीच नाही.

ती आई म्हणजे माझी हिराआत्या, वडिलांची थोरली बहीण. आणि ती जागा म्हणजे नागावच्या अलीकडे, रस्ता नारळीपोफळीत शिरतो तिथे, जुन्या शेटच्या वाडीत उघडलेलं चित्रांचं संग्रहालय. फाटकातून आत गेलं की आता कुंड्यांतल्या गवती चहाचा वास येतो. पूर्वी तिथे भिजत पडलेल्या झावळ्यांचा वास असे. आंबूस, चिखलाचा, नाकात बसला की दुपारभर न जाणारा. आत्या या वाडीत झाप विणायची. झावळी मधोमध चिरायची, पाण्यात भिजत टाकायची, मऊ झाली की पान पानात अडकवत विणायची. पावसाळ्याआधी गावातल्या निम्म्या पडव्या तिच्या झापांनी झाकल्या जायच्या. संध्याकाळी ती घरी आली की आधी तो वास यायचा, मग आत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला बरोबर न्यायची. पोफळीची गळलेली पोय, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतं ते रुंद चामड्यासारखं पातं, त्यावर बसायचं आणि दुसऱ्यानं शेंडा धरून ओढायचं, एवढाच आमचा खेळ. पाटाच्या ओल्या कडेनं पोय सरसर जायची, खालची माती गार लागायची. वर कुठेतरी नारळ सुटायचा आणि धप्पकन पडायचा. आत्या विणता विणता मान न वळवता सांगायची, हा शहाळ्याचा, हा सुका.

वाडीच्या विहिरीवर आपण जायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही. आत्या ओंजळ धरून, जरा वाकून उभी राही, ते पाहिलं की कळतं. पाणी वरून यायचं. थंडगार असायचं आणि त्याला पोफळीच्या फुलोऱ्याचा गोडसर वास असायचा. अपमानाला इतका चांगला वास असू शकतो, हे मी त्या वाडीत शिकले. त्या विहिरीवर आता जाड काच बसवली आहे, आत दिवे सोडलेत, आणि पाहुणे काचेवर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात.

आमच्या घरात चित्रं नव्हती, पत्रकं होती. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक आणि उरलेल्या वेळात चळवळीचे. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, कपाटावर पुस्तिकांचे गठ्ठे, पाहुणा आला तर त्याला गठ्ठ्यावर बसवायचं. भिजलेल्या शाईचा वास आणि तळलेल्या बांगड्याचा वास माझ्या डोक्यात अजून एकमेकांना चिकटलेले आहेत. वडील म्हणायचे, जे छापलं नाही ते घडलंच नाही असं लोक धरून चालतात, म्हणून छापायचं. त्यांनी पाण्यावर छापलं, जमिनीवर छापलं, सरकारवर तर कितीदा. आपल्या बहिणीच्या पोरीवर एक ओळ छापली नाही. ती घरातली गोष्ट होती म्हणे.

भिंतीवर मात्र फोटो होते. बुद्धमूर्तीच्या खाली आमची गेलेली माणसं: आजोबा, आजी, आगरदांड्याच्या लाँचवर खलाशी असलेला आत्याचा नवरा. वर्षश्राद्ध आम्ही घालत नाही. त्या दिवशी फोटो खाली उतरवून पुसायचा, पांढऱ्या कपड्यावर ठेवायचा, मेणबत्ती लावायची, फुलं वाहायची, वंदना म्हणायची. याला पुण्यानुमोदन म्हणतात. फोटो नसेल तर कशासमोर बसणार? सुजाताचं पुण्यानुमोदन आमच्या घरात कधी झालं नाही.

सुजाता ही आत्याची मुलगी. रांगायच्या बेतात आली आणि गेली. कशानं, ते आत्या सांगत नाही. बाळंतपणाला ती माहेरी आली होती, मग माहेरीच राहून वाडीत कामाला जाऊ लागली होती. आगरदांड्याच्या, म्हणजे सासरच्या, लोकांनी पोर धड पाहिलीही नव्हती. पुढे आत्याला मूल झालं नाही. माणसं मेली, पिढी बदलली, आणि हळूहळू सासरी असं ठरून गेलं की हिराला मूल झालंच नव्हतं. नंतर आमच्याही आळीत तसंच ठरलं. आमच्या आळीत, म्हणजे जिथे प्रत्येक घरात वडिलांचं पत्रक होतं तिथे, बारशाला बायका पाळण्याभोवती बसल्या की कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, “हिरा, तू जरा भायेर भाताकडं बग गो.” आत्या उठायची आणि भाताकडे बघायची. पत्रक आमच्या अंगणापर्यंत पोचलं होतं. चुलीपर्यंत पोचलं नाही.

त्या पोरीबद्दल आत्या फक्त पोपटीच्या दिवसांत बोलायची. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटीचं मडकं लागायचं. आत भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. दिवस कलायला लागलेला, धूर खाली खाली पसरणारा, आणि भांबुर्ड्याचा तो कडवट हिरवा वास. त्या वासात आत्याची जीभ सुटायची.

“शेटकं चितारी आल्ता ममईचा,” ती सांगायची. “मला म्हणला, बस तितं. हातात झाप घे, पन विनू नको. हालू नको. मी बसली. मागं आंब्याला झोळी बांदलेली, सुजाता झोळीत. ती लागली रडायला. मी म्हनलं, सायेब, पोरीला घेती. तो म्हणला, थांब थोडी, उजेड जाईल.”

“मग?”

“मग काय. थांबली.”

“आणि ती?”

“रडून रडून गप झाली. मी कान देऊन बसलेली, का गप झाली म्हनून. चितारी म्हणला, आता मस्त, आशीच ऱ्हा.”

मडक्यात शेंग फुटायची. आत्या काठीनं पेंढा सारखा करायची. त्याच हिवाळ्यात पोर गेली. चितारी चित्र घेऊन गेला तो गेलाच. ‘माज्या पोरीचा फोटो हाय, पन चिताऱ्याकडं हाय,’ असं आत्या म्हणायची आणि लोक एकमेकांकडे बघायचे. दळणाच्या रांगेत कुणीतरी म्हणायचंच, “चिताऱ्याला दुसरी कोन गावली न्हाय वाटतं!”

आणि मग परवा, म्हणजे याच हिवाळ्यात, अलिबागहून येताना नाक्यावर तिनं बॅनर पाहिला. आम्ही इक्बालभाईंच्या रिक्षात होतो. इक्बालभाई आमच्याच गावचे, पंधरवड्याची सुट्टी काढून आल्यासारखे आखातातून आले आणि रिक्षा घेऊन इथेच राहिले. बॅनरवर एका तरुण बाईचा चेहरा होता, रंगवलेला, दोन माणसांएवढा मोठा, आणि खाली संग्रहालयाचं नाव.

“बाय,” आत्या म्हणाली, “ती मी हाय.”

इक्बालभाईंनी रिक्षा बाजूला घेतली, खाली वाकून वर बघितलं, आरशात आत्याकडे बघितलं, परत वर बघितलं. “या अल्ला, नाक तर तेच हाय. पन हिराबाय, बॅनरवर दोगंच लागतात. ज्याचा वाढदिवस तो, नायतर मेला तो. तुमचा वाढदिवस कदी असतो?”

“मेलास तू,” आत्या म्हणाली. पण ती हसत होती. कितीतरी वर्षांनी मी तिला असं हसताना पाहिलं. “मी हाय म्हनजे झोळी बी आसंल. चल गो. फोटो काडून घेऊ तिचा. भिंतीवं लावू.”

एवढंच तिला हवं होतं. त्या चित्राचा एक फोटो, झोळीसकट. तो भिंतीवर लागला की सुजाता होऊन गेली असं ठरलं. पुढच्या बारशाला कुणी भाताकडे पाठवलं असतं तर भिंतीकडे बोट दाखवता आलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. आत्यानं विहारात जाताना नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी आणि रुमालात बांधलेली चाफ्याची फुलं. गेलेल्या माणसासमोर मोकळ्या हातानं कसं जायचं? दारावरच्या रक्षकानं पिशवी तपासली आणि मेणबत्ती-काडेपेटी काढून घेतली. “आजी, हे देऊळ नाही,” तो म्हणाला. फुलं त्यानं राहू दिली. वर सांगितलं की आतल्या दालनात फोटो काढायचा नाही, मोबाइल पिशवीत ठेवा.

आत गार होतं. कसलाच वास नव्हता. ज्या वाडीत पाय ठेवला की नाक भरून जायचं, तिथे आता हवेला वासच ठेवलेला नाही. गाईड मुलगी माझ्यापेक्षा वयानं लहान, हसरी, मऊ बोलणारी. तिच्याबद्दल मला वाईट लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आत्याला बसायला स्टूल आणून दिलं. सोबत मुंबईहून आलेली मंडळी होती: सुती साडीतल्या एक बाई, किनाऱ्यावरून थेट आलेला, कपाळावर गॉगल चढवलेला एक गृहस्थ, त्याची बायको, आणखी दोघं-चौघं.

चित्र भिंतीवर होतं. आंब्याचा बुंधा, उन्हाचे कवडसे, हातात अर्धा झाप धरलेली बाई, मान किंचित मागे वळलेली, नजर चित्राच्या कडेला. आणि त्या कडेला, फांदीला, पांढरं काहीतरी लोंबत होतं. खाली, भिंतीवर, चिताऱ्याचं नाव आणि ‘दुपार’ एवढाच शब्द.

आत्या चित्राजवळ गेली. फुलं भिंतीच्या पायाशी ठेवली, हात जोडले. मागे कुणीतरी पुटपुटलं, “किती गोड.”

“इथे चूक-बरोबर असं काही नसतं हं,” गाईड म्हणाली. “आधी नुसतं बघू या. मग मला सांगा, या चित्रात काय चाललंय?”

“ती वाट बघतेय,” सुती साडीतल्या बाई म्हणाल्या.

“कशावरून वाटतं?”

“नजर. समुद्राकडे बघतेय. कुणीतरी परत यायचंय.”

“सुंदर. अजून कुणाला काही?”

“कामाचा कंटाळा आलाय तिला,” गॉगलवाला म्हणाला. “सोमवारी माझं तोंड असंच असतं.” सगळे हसले. त्याची बायको म्हणाली, “आणि मागे ते गाठोडं आहे ना? घर सोडून निघालीय ती.”

“म्हणजे स्थलांतर. छान! अजून?”

“झोळी हाय ती,” आत्या म्हणाली.

“आजी, जरा मोठ्यानं बोला ना.”

“झोळी हाय. माजी पोर हाय तिच्यात. सुजाता.”

गाईडचे डोळे चमकले. “वा! आजींना त्यात बाळ दिसतंय. किती वेगळा विचार! आजी, तुम्हाला असं कशावरून वाटलं?”

“वाटलं न्हाय. मीच घातलेली तिला.”

गॉगलवाल्यानं टाळी वाजवली. “क्या बात है, आजी!”

“बघा, आजी स्वतःला त्या बाईच्या जागी ठेवून बघताहेत,” गाईड सगळ्यांना म्हणाली. “चित्र असंच बघायचं असतं.”

“जागी ठेवून नाही,” मी म्हणाले. “ती बाई हीच आहे. इथेच कामाला होती. ते बाळ तिचं आहे.”

“खरंच? किती छान गोष्ट आहे!” तिनं छातीवर हात ठेवला. मनापासून. “बघा, प्रत्येकाची गोष्ट वेगळी.”

“मग वोटिंग घेऊ या,” गॉगलवाला म्हणाला. “गाठोडं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

थट्टाच होती. पण हात वर गेले. हसत हसत गेले. मग तो म्हणाला, “बाळ?” आत्यानं हात वर केला. शाळेत कधी न गेलेल्या माझ्या आत्यानं, कोपर नीट सरळ करून, हात वर केला. मी केला. सुती साडीतल्या बाईंचा हात अर्ध्यावर आला आणि केस सारखे करायला वळला.

“गाठोडं जिंकलं,” गॉगलवाला म्हणाला, आणि मंडळी पुढच्या चित्राकडे गेली. रक्षकानं वाकून फुलं उचलली. मुंग्या येतात म्हणाला.

मी ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. मी दोन गोष्टी मागितल्या: झोळीसकट चित्राचा एक फोटो, आणि भिंतीवरच्या त्या शब्दाखाली दोन ओळी, की ही बाई हिरा, झोळीत तिची मुलगी सुजाता.

“फोटोचे हक्क चित्रकाराच्या कुटुंबाकडे आहेत, त्यांना विचारावं लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि माहिती आम्ही मुद्दाम लिहीत नाही. एकदा लिहिलं की लोक बघायचं थांबतात, नुसतं वाचतात. प्रत्येकानं आपापला अर्थ शोधावा असं आम्हाला वाटतं. तुमच्या आत्यांनीही किती सुंदर अर्थ शोधला.”

“तो अर्थ नाही मॅडम. ती पोर आहे.”

“पुरावा आहे का काही?”

मी काय दाखवणार होते? पुरावा त्यांच्याच भिंतीवर टांगलेला होता.

माझा राग इथे स्पष्ट लिहिते. आम्हाला विहिरीवर येऊ न देणारे निदान उघड दाखवून द्यायचे की तुमचा शब्द आम्ही धरत नाही. त्यांच्याशी भांडता यायचं, त्यांच्याविरुद्ध पत्रक काढता यायचं. हे लोक स्टूल देतात, पाणी देतात, तुमचा शब्द दोन्ही हातांनी घेतात आणि इतर शब्दांच्या रांगेत मांडून ठेवतात, सोमवारच्या कंटाळ्याशेजारी. याविरुद्ध पत्रक कसं काढायचं ते वडिलांच्या एकाही गठ्ठ्यात मला सापडलं नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर दुकान होतं. कापडी पिशव्या, सुवासिक साबण, आणि फिरत्या स्टँडवर चित्रांची कार्डं. आत्याच्या चित्राचंही कार्ड होतं. तिनं झडप घालून उचललं, डोळ्यांशी नेलं. बॅनरवर होता तोच कापलेला भाग: चेहरा, वळलेली मान, हातातल्या झापाचं टोक. कडेचं पांढरं कापून टाकलेलं. मग तिनं कार्ड उलटं केलं.

मागे कोरं होतं. पत्ता लिहायच्या रेघा. तिनं कार्ड परत सुलटं केलं, परत उलटं केलं.

“मागं तरी आसंल म्हनून बगितलं,” ती म्हणाली.

दुकानातल्या मुलीनं विचारलं, आजी, देऊ का बांधून? आत्यानं कार्ड होतं तिथे ठेवलं. “मला घेतलं, तिला टाकलं,” एवढंच ती म्हणाली, आणि चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायांतच होत्या.

आम्ही इक्बालभाईंच्याच रिक्षानं परतलो. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी शेतात मडकं लागलं होतं, भांबुर्ड्याचा वास रिक्षात भरला. आत्या बोलेल म्हणून मी वाट बघत होते. ती बोलली नाही.

बोलली ती दोन-चार दिवसांनी. मी भाकऱ्या करत होते. ती दारात बसून मेथी निवडत होती.

“बाय गो, झापाची सुतळी मी गाठोड्यात बांदायची ना?”

“बांधायचीस.”

“पांडऱ्या फडक्यात?”

मी तवा खाली ठेवला. “आत्या, ती झोळी होती. तूच सांगितलंस ना.”

“मी सांगितलं व्हय,” ती म्हणाली. “पन ती येवडी मानसं. शिकलेली. येकाला तरी दिसली आसती ना?” मग मेथीची काडी मोडत, माझ्याकडे न बघता, “त्या दिशी मी तिला आईकडं तर ठेवली नव्हती?”

त्यानंतर तिनं हे मला कितीदातरी विचारलं आहे. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली गेलेला असतो. आगरदांड्याच्या लोकांना जे जमलं नाही, दळणाच्या रांगेला जमलं नाही, बारशाच्या बायकांना जमलं नाही, ते एका गोड मुलीच्या एका प्रश्नानं करून टाकलं. साऱ्या गावानं वांझ म्हटलं तेव्हा आत्याच्या मनात शंका आली नव्हती. कारण गाव दुष्ट होतं, आणि दुष्टांचं ऐकायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. चांगल्या माणसांचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुम्ही या बाजूला येताच. नागावला येता, पाण्यात खेळता, मासे खाता. एक सकाळ काढा आणि त्या वाडीत जा. त्या चित्रापुढे उभे राहा. काय दिसतं असं विचारतील. सांगा की झोळीत पोर आहे, तिचं नाव सुजाता, आणि ही बाई ती रडायची का थांबली ते कान देऊन ऐकते आहे. कशावरून, असं विचारतील. सांगा, तिच्या आईनं सांगितलं. ‘सुंदर’ म्हणून ते पुढच्या चित्राकडे निघाले तर तुम्ही निघू नका. तिथेच उभे राहा, पुढची मंडळी आली की त्यांनाही सांगा. हाकलतील तेव्हा निघा.

आणि परत जाण्याआधी आमच्या आळीत या. विहाराच्या मागे हिराचं घर विचारा, कुणीही दाखवेल. आत्या दारातच बसलेली असते. तिच्यापुढे चित्राचं कौतुक नको, तुमचा अर्थ नको. तिला फक्त एवढं सांगा, की आम्ही बघून आलो, झोळी रिकामी नव्हती.